पेट्रोल गळतंय? सिलिकॉन थापू नका

जुन्या गाडीची टाकी फुल्ल केली की डिकीत पेट्रोलचा वास येतो, वळणावर थेंब पडतात. यावर ठरलेला सल्ला असतो: जोडावर सिलिकॉन सीलंट थापा. सल्ला चुकीचा आहे. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि पत्रा सोडतं. मग ते खरवडण्याचं काम वेगळंच! त्यापेक्षा साबण घासण्याची जुनी युक्ती बरी. साबण पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत तग धरतो. पाणी लागलं की गेला.

दोष बहुधा पेट्रोल भरायची नळी टाकीला जोडणाऱ्या रबरी होजमध्ये असतो. रबर कालांतराने कडक होऊन तडकतं; इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं. ती होजच बदला. रेडिएटरची होज मापात बसली तरी नको, तिचं ईपीडीएम रबर पेट्रोलमध्ये टिकत नाही. इंधनासाठीच बनवलेली, नायट्राइल किंवा व्हिटॉन या पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या रबराची घ्या. नळीच्या तोंडावरचा गंज हाताने, पॉलिश पेपरने काढा, नाहीतर नवी होजही पाझरेल. झाकणाचं गॅस्केटही बघून घ्या. हे सगळं मोकळ्या हवेत, टाकी रिकामी करून आणि बॅटरी सोडवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते.