आर्मेनियन चर्च-वसाहत, भारतातील

परमुलखात स्थायिक झालेल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांनी, जिथे आपले चर्च नाही अशा गावी धर्मगुरू, वेदी आणि दफनभूमी यांची तजवीज करून उभा केलेला धर्मसमाज. क्रम बहुधा उलटा असे: आधी कबरी, मग चर्च. कोलकात्याचे नाझरेथ चर्च (१७२४) जुन्या दफनभूमीवरच बांधले गेले; मद्रासचे आजचे चर्चही (१७७२) दफनभूमीच्याच जागेवर आहे.

मुख्य दस्तऐवज म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने आर्मेनियन व्यापारी ख्वाजा फानूस कलांतर यांच्याशी २२ जून १६८८ रोजी केलेला करार. कंपनीच्या कोणत्याही ठाण्यात वा शहरात ४० किंवा अधिक आर्मेनियन राहू लागले, की त्यांना उपासनेची मोकळीक आणि चर्चसाठी जागा मिळावी, कंपनीने स्वखर्चाने लाकडी चर्च बांधून द्यावे आणि धर्मगुरूला ७ वर्षे सालीना ५० पौंड द्यावेत, अशी त्यातील कलमे. पुढचा खर्च समाजाने उचलायचा. कोलकात्याच्या लाकडी चर्चचे साल कधी १६८८ दिले जाते. तिथली कंपनीची कायम वसाहत १६९० ची असल्याने ते कराराचे साल असावे, बांधकामाचे नव्हे.

त्याहून वादग्रस्त आहे ती नाझरेथच्या आवारातील रेझाबीबीची कबर. भारतातील आर्मेनियनांचे इतिहासकार मेस्रोब जेकब सेठ यांच्या वाचनानुसार ती १६३० ची, म्हणजे कोलकात्याच्या रूढ स्थापनावर्षाच्या ६० वर्षे आधीची. हा हिशेब १६१६ पासून सुरू होणाऱ्या, इराणमधील इस्फहानजवळच्या नव्या जुल्फा या आर्मेनियन वस्तीच्या व्यापाऱ्यांत रूढ असलेल्या अझारिया शकावर उभा आहे. त्यातील १५ वे वर्ष १६३० ला पडते. दगडावरच्या वर्षदर्शक अक्षरांपैकी एखादे झिजले वा चुकीचे वाचले गेले, तर सारी कालगणना सरकते. दगड अन्य ठिकाणाहून आणलेला असण्याची शक्यताही आहेच. दुसऱ्या पुराव्याची जोड नसल्याने ही तारीख वस्तीच्या आरंभासाठी प्रमाण न धरणे बरे.

पायाभरणीच्या विधीत १६ दगड पाणी व द्राक्षरसाने धुऊन पवित्र तेल लावून पुरतात: १२ प्रेषितांचे (येशूचे मुख्य शिष्य), ४ सुवार्तिकांचे (शुभवर्तमानांचे लेखक). हे तेल मुख्य धर्माध्यक्षच सिद्ध करतात, त्यामुळे ते गावात तयार होत नाही. चर्च नसले तरी अभिषिक्त वेदीशिलेवर उपासना होऊ शकते. बेखमीर भाकर आणि पाणी न मिसळलेला द्राक्षरस एवढी सामग्री पुरते. अडते ते धर्मगुरूपाशी. डीकन (धर्मगुरूचा दीक्षित साहाय्यक) नित्याच्या प्रार्थना चालवू शकतो, पण प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षरसाचा, विधी त्याला करता येत नाही. भारतातील वसाहतींना धर्मगुरू नव्या जुल्फाहून येत. ते परतले वा वारले की पुढचे येईपर्यंत विधी अडत.

दुसरा धोका पैशाचा. बांधकाम एखाद्या धनिकाच्या देणगीवर होई, आणि व्यापार दुसऱ्या बंदराकडे वळला की इमारत उरे, माणसे जात. ढाक्याचे १७८१ चे चर्च याच अवस्थेत आहे. मुंबईत फोर्टमधील मेडोज स्ट्रीटवर (आताचा नगीनदास मास्टर मार्ग) सेंट पीटर चर्च १७९६ मध्ये उभे राहिले.