युक्तिवादाची बांधणी (वादविवाद स्पर्धा)

वादविवाद स्पर्धेत विषयाच्या अनुकूल किंवा प्रतिकूल बाजूने मांडलेला, कारणांनी जोडलेला आणि खंडनापुढे टिकणारा मुद्दा म्हणजे युक्तिवाद. वक्तृत्वात एकटा वक्ता विषय फुलवतो. वादविवादात उत्तर देणारा समोरच बसलेला असतो, त्यामुळे परीक्षक भाषेच्या डौलाआधी मुद्द्याची जोडणी पाहतात.

मुंबईत अशा सार्वजनिक चर्चेची परंपरा जुनी आहे. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापकांनी १८४८ मध्ये स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीत निबंध वाचून त्यांवर चर्चा होत असे. आज शहरातील महाविद्यालयांत दोन धाटण्या दिसतात. मराठी स्पर्धांत विषय बहुधा आधी कळतो आणि संघातील एक जण अनुकूल, दुसरा प्रतिकूल बोलतो. ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोघादोघांचे ४ संघ असतात, विषय कळल्यावर तयारीला १५ मिनिटे आणि प्रत्येक भाषणाला ७ मिनिटे मिळतात.

न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा (सिद्ध करायचा दावा), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय आणि निगमन (निष्कर्ष). स्पर्धेत प्रतिज्ञा आणि उदाहरण कोणीही आणतो. गळतो तो हेतू, आणि त्याहून अधिक वेळा उपनय, म्हणजे सांगितलेला नियम समोरच्या प्रकरणाला कसा लागू पडतो हे दाखवणे.

‘मुंबईतील सर्व लोकल गाड्या वातानुकूलित कराव्यात’ हा विषय घेऊ. प्रवासी गाडीतून पडून दगावणे थांबेल, हा अनुकूल बाजूचा स्वाभाविक दावा. इथे बहुतेक संघ लगेच अपघातांच्या आकड्यांकडे वळतात. पण आकड्यांनी समस्या मोठी आहे एवढेच सिद्ध होते, उपाय लागू पडेल हे नाही. मधला दुवा असा : वातानुकूलित लोकलची दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे दारात लटकून प्रवास करता येत नाही, म्हणून पडण्याची वाट बंद होते. हा दुवा उच्चारला की मुद्दा उभा राहतो.

आणि तिथेच त्याचा कच्चा सांधा उघडा पडतो. जीव वाचतो तो बंद दारामुळे, थंड हवेमुळे नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले, तेव्हा रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या बिनवातानुकूलित गाड्याही जाहीर केल्या. हेतू साध्याशिवायही, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसतानाही आढळला, की न्यायशास्त्र त्याला सव्यभिचार हेत्वाभास (फसवे कारण) म्हणते. ‘बंद डब्यात हवा कोंडेल’ हे अनुकूल बाजूचे उत्तर अपुरे पडते, कारण जाहीर रचनेत दारांना झडपा आणि छतावर हवा खेळवणारी यंत्रे आहेत. मग केवळ वातानुकूलनातूनच येणारा फायदा शोधावा लागतो; उदाहरणार्थ, मोटार सोडून लोकलकडे वळणारा प्रवासी. ही तपासणी तयारीतच करावी : प्रस्ताव न मानताही हा फायदा मिळतो का, असे सोबत्याला विचारायला लावावे.

खंडनात समोरच्याचा मुद्दा त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडून मगच उत्तर द्यावे. दुबळे रूप पाडले तर परीक्षक ते खंडन मोजत नाहीत. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे ठरले, तर तोलण्याचे काम वक्त्याचे असते. किती लोकांवर परिणाम होतो, किती खोल होतो, तो भरून काढता येतो का? वातानुकूलनाने भाडे वाढेल असे प्रतिकूल बाजू म्हणाली, तर भाडेवाढीवर सवलतीचा उतारा असतो, मृत्यूवर नसतो. हे शब्दांत सांगितले नाही, तर निर्णय परीक्षकाच्या मनाच्या कलावर जातो.

सात मिनिटांत दोन मुद्दे पुरे. प्रत्येकाला अडीच मिनिटे, उरलेला वेळ खंडनाला आणि तोलण्याला. चार-पाच मुद्दे घेतले की प्रत्येकाचा दुवा तुटका राहतो. संसदीय पद्धतीत पहिले व शेवटचे मिनिट सोडून विरोधी बाजू प्रश्नासाठी उभी राहू शकते; प्रश्न मुद्दा पूर्ण झाल्यावर घ्यावा, मध्येच घेतला तर श्रोत्यांच्या हातून धागा सुटतो.

टिपणासाठी कागदाला उभी घडी घालतात : डावीकडे विरोधकांचा मुद्दा, उजवीकडे त्याचे उत्तर. उजवी बाजू कोरी राहिलेली ओळ भाषणाआधी सोबत्याला दाखवायची असते.