सागवानाला उधई लागत नाही?

"सागवान बसवलं की उधईची चिंता मिटली," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि घर बांधताना गावात कोणी ना कोणी तेच सांगतं. ते अर्धंच खरं आहे.

सागाच्या ओंडक्याची कापलेली बाजू बघा. मध्ये सोनेरी-तपकिरी गाभा, भोवती सालीला लागून फिकट पांढुरकं कडं. हे कडं जिवंत झाडात पाणी वर नेतं. त्याचा आतला भाग जुना होऊन गाभा बनतो, तेव्हा त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात. उधई टाळते ती या द्रव्यांना. पांढऱ्या भागाला हे संरक्षण नाही, आणि कोवळ्या झाडात तोच भाग जास्त असतो.

आमच्या घराची चौकट सागाचीच. खालच्या कोपऱ्यात बोटभर पांढऱ्या कडेचा पार भुगा झाला, लगतचा गाभा मात्र अजून ठणठणीत आहे.

स्वतः पाहायचं असेल तर दोन्ही भागांचे तुकडे धुऱ्यावरच्या वारुळाजवळ पुरा आणि पावसाळ्यानंतर उकरा. आरामशीनवर चौकट घेताना चारही कडा तपासा. पांढरी पट्टी दिसली तर ती बाजू भिंतीकडे लपवू नका, तिथेच तासून घ्या.