झाडं एकमेकांना सावध करतात म्हणे: या वाक्यामागचं चाळीस वर्षांचं भांडण

जपानच्या साइतामा विद्यापीठातला तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. अळी एका झाडाची पानं खातेय, तिथली हवा पंपाने शेजारच्या छोट्या रोपावर सोडलीये आणि त्या रोपाच्या पानांवर उजेडाच्या लाटा पसरत जातायत. खाली ठरलेलं कॅप्शन, झाडं किंचाळतात, झाडं बोलतात, आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं वगैरे. व्हिडिओ खरा आहे, २०२३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या पेपरचा आहे, पण इथपर्यंत पोचायला शास्त्रज्ञांमध्ये जी जुंपली होती ती कॅप्शनमध्ये मावत नाही म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, या विषयाचं सगळ्यात जास्त वाटोळं कोणी केलं असेल तर ते 'बोलणारी झाडं' या हेडलाइनने.

हवेतल्या एखाद्या रसायनामुळे झाडात बदल होतो ही गोष्ट तशी जुनीच. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह नावाच्या संशोधकाच्या लक्षात आलं की लॅबमध्ये वाटाण्याचे कोंब आखूड, जाड आणि आडवे वाढतात, बाहेरच्या हवेत मात्र सरळ. कारण शोधत गेल्यावर सापडलं ते दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. मग १९३४ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड गेनने दाखवून दिलं की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. मार्केट यार्डात पेंढ्यात आंब्याची आढी लावणाऱ्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, दोनचार फळं पिकायला लागली की बाकीची मागोमाग येतात हे त्याला पिढ्यान् पिढ्या माहितीये. तेव्हा एका झाडातून गॅस निघतो आणि दुसरीकडे त्याचा परिणाम होतो इथपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती. कीड लागलेल्या झाडाचा वास शेजारच्या झाडाला कळतो का, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नव्हता.

आणि तो विचारला गेला तोही नेमका चुकीच्या वेळी. १९६६ मध्ये क्लीव्ह बॅकस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने कुंडीतल्या झाडाला लाय डिटेक्टर लावला आणि झाडाला आपल्या मनातलं कळतं असं जाहीर केलं. १९७३ ला यावर एक पुस्तक आलं, ते धो धो खपलं, झाडांना संगीत आवडतं वगैरे सगळं त्यातलंच. नंतर नीट कंट्रोल ठेवून प्रयोग केले तर बॅकस्टरचं काही सिद्ध झालं नाही, पण तोवर झाड आणि संवाद हे शब्द एका वाक्यात आले की वनस्पतीशास्त्रज्ञ कपाळाला आठ्या घालायला लागले होते.

त्याच सुमारास दुसरीकडे गाजावाजा न होता एक भक्कम काम झालं. १९७२ ला क्लॅरेन्स रायन आणि टेरी ग्रीन यांनी दाखवलं की बटाटा-टोमॅटोच्या पानाला भुंगेऱ्याने कुरतडलं की झाड प्रोटीनेज इन्हिबिटर नावाची प्रथिनं बनवायला लागतं, तीही फक्त जखमी पानात नाही तर लांबच्या धडधाकट पानातसुद्धा. ही प्रथिनं अळीच्या पोटातले पचनाचे एन्झाइम अडवतात, म्हणजे अळी खात राहते पण खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ खुंटते. झाड मार खाऊन गप्प बसत नाही हे यातून पक्कं झालं आणि पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

मग आलं १९८३. वॉशिंग्टन विद्यापीठातला डेव्हिड ऱ्होड्स सिटका विलोवर काम करत होता (आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो त्याच्याच भावकीतलं झाड). त्याने काही झाडांवर अळ्या सोडल्या, मग त्या झाडांची आणि शेजारच्या अळ्या नसलेल्या झाडांची पानं तोडून लॅबमधल्या अळ्यांना खायला घातली. अळ्यांची वाढ दोन्हीकडे खराब! म्हणजे ज्या झाडांना कोणी हातही लावला नव्हता त्यांचीही पानं बिघडली होती. लांबच्या झाडांची पानं मात्र अळ्यांना मानवत होती. मुळांचा एकमेकांशी संबंध आहे का ते बघितलं, सापडला नाही, तेव्हा त्याने दबकत लिहिलं की हवेतून फेरोमोनसारखं (कीटक एकमेकांना वासाने निरोप देतात ते रसायन) काहीतरी जात असावं.

त्याच वर्षी डार्टमथ कॉलेजच्या इयान बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. यांनी पॉपलरची कुंडीतली रोपं बंद पेटीत ठेवली, त्यातल्या काही रोपांची फक्त ७ टक्के पानं फाडली, काहींना काहीच केलं नाही, आणि तुलनेसाठीची म्हणजे कंट्रोलची रोपं दुसऱ्या पेटीत. ५२ तासांच्या आत फाडलेल्या रोपांमध्ये फिनॉल वर्गातली बचावाची रसायनं वाढली आणि त्याच पेटीतल्या न फाडलेल्या रोपांमध्येही वाढली. शुगर मेपलमध्ये तर ३६ तासांतच.

पेपरवाल्यांना आयतंच सापडलं. बोलणारी झाडं!

दोन वर्षांत टीका आली, आणि ती नुसती खुसपटं काढणारी नव्हती. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या फाउलर आणि लॉटन यांनी १९८५ मध्ये दोन्ही प्रयोगांची चिरफाड केली. बाल्डविनच्या प्रयोगातली सगळी कंट्रोल रोपं एका पेटीत आणि बाकीची सगळी दुसऱ्या पेटीत, मग फरक वासामुळे पडला की पेटीच वेगळी होती म्हणून पडला हे ठरवणार कसं, एका पेटीत कितीही रोपं कोंबा हिशोबाला ती एकच पेटी. ऱ्होड्सच्या बाबतीत म्हणणं असं की अळ्यांमध्ये एखादा रोग पसरला असेल तरी सगळीकडची वाढ अशीच खराब दिसेल. शिवाय त्यांनी स्वतः बर्चच्या झाडांवर प्रयोग केला, त्यात काही हाती लागलं नाही. ऱ्होड्सला पुढे तोच निकाल दरवेळी मिळेना, फंडिंग आटलं आणि शेवटी तो संशोधनातूनच बाहेर पडला. मला विचाराल तर फाउलर-लॉटनची टीका बरोबरच होती, फक्त तिचा अर्थ लोकांनी चुकीचा काढला. पुरावा कमी पडतोय एवढंच ते दोघं म्हणत होते, बाकीच्यांनी त्याचं 'हे असं काही नसतंच' करून टाकलं आणि हा विषय घ्यायला तरुण पोरं घाबरायला लागली.

विषय परत वर आला तो १९९० मध्ये आणि तो परत आणला पुन्हा रायननेच. एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी टोमॅटोचं रोप आणि सेजब्रशची फांदी एका बंद भांड्यात ठेवली, एकमेकांना न टेकता. सेजब्रश म्हणजे अमेरिकेतल्या कोरड्या भागातलं झुडूप, चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो ना, त्याच्याच कुळातलं. टोमॅटोला जखम नाही, कीड नाही, तरी त्याच्या पानांत प्रोटीनेज इन्हिबिटर साचायला लागलं. आणि यावेळी नुसतं 'काहीतरी हवेतून गेलं' नव्हतं, त्या काहीतरीचं नाव हातात होतं: मिथाइल जास्मोनेट. गंमत म्हणजे हे रसायन अत्तरवाल्यांना आधीपासून माहीत, चमेलीच्या तेलातून १९६२ मध्येच वेगळं काढलेलं. निव्वळ हे रसायन दिलं तरी टोमॅटो तसाच वागतो हेही त्यांनी दाखवलं. आता टीका करायची तर कशावर करणार.

तोवर हॉलंडमध्ये मार्सेल डिके आणि मॉरिस साबेलिस वेगळ्याच टोकाने तिथेच पोचले होते. त्यांचं पीक लिमा बीन, म्हणजे आपण डबल बी म्हणून उसळ करतो ती, आणि कीड लाल कोळी. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब करणाऱ्याला या कोळ्याची ओळख करून द्यायची गरज नाही, पानाच्या खालून रस शोषतो, पान पिवळं-तांबूस पडतं, जाळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तर या कोळ्याने खाल्लेली डबल बी असा वास सोडते की त्या कोळ्याला खाणारा दुसरा कोळी वासाच्या मागावर चालत येतो. शत्रूचा शत्रू तो मित्र हे राजकारण झाडांना आधीपासून जमतंय.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या सरकारी प्रयोगशाळेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी १९९० मध्ये हेच मक्यावर दाखवलं, आणि त्यातला एक तपशील मला फार आवडतो. मक्याचं पान नुसतं ब्लेडने खरवडलं तर झाड फारसं मनावर घेत नाही. हिरवळ कापल्यावर येतो तो कच्चा वास लगेच येतो, कारण पेशी फुटल्या की त्यांच्या पडद्यातल्या मेदाम्लांपासून सहा कार्बनचे छोटे रेणू काही सेकंदांत बनतात, पण तेवढंच. त्याच खरवडलेल्या जागी अळीची लाळ लावली की काही तासांनी टर्पीन जातीच्या रसायनांचा वेगळाच वास सुटतो आणि त्या वासावर छोटी गांधीलमाशी येऊन अळीच्या अंगात अंडी घालते. १९९७ मध्ये लाळेतला तो रेणू सापडला, नाव ठेवलं व्होलिसिटिन. १९९८ ला तर असं निघालं की तंबाखू आणि कापसावर दोन जवळच्या जातींच्या अळ्या असतील तर झाडाचा वास दोघींसाठी वेगवेगळा असतो, आणि त्यातल्या एकाच जातीवर जगणारी गांधीलमाशी बरोबर आपल्या अळीच्या झाडावर जाते.

लॅबच्या बाहेर काय, हा प्रश्न उरलाच होता. २००० साली रिचर्ड कार्बनने कॅलिफोर्नियात उघड्यावर सेजब्रश छाटून दाखवलं की शेजारच्या जंगली तंबाखूला नाकतोड्यांचा त्रास कमी होतो. बाल्डविनही एव्हाना जर्मनीत येनाला जाऊन जंगली तंबाखूच घेऊन बसला होता, २००१ मध्ये त्याने आणि आंद्रे केसलरने युटाच्या वाळवंटात या वासांमुळे झाडावरची कीड ९० टक्क्यांहून जास्त कमी होऊ शकते असं दाखवलं. ज्याच्या पहिल्या पेपरची एवढी धुलाई झाली तो माणूस त्याच विषयात टिकून राहिला हे मला विशेष वाटतं.

पण मग झाड शेजाऱ्याला कशाला सावध करेल? जमीन, पाणी, ऊन सगळ्यात तो त्याचा स्पर्धक. इथेच 'बोलणारी झाडं' आपटतात. कार्बनने २००६ मध्ये दाखवलं की सेजब्रशला हा वास स्वतःच्याच फांद्यांसाठी लागतो, कारण त्याच्या शेजारशेजारच्या फांद्यांत आतून रस नेणाऱ्या नळ्यांचा नीट संबंध नसतो, निरोप पोचवायचा तर बाहेरून हवेतूनच. फांदीला पिशवी बांधून हवा अडवली की पुढची फांदी सावध होत नाही. परिणाम दिसतो तो साधारण ६० सेंटीमीटरपर्यंत. २००७ ला मार्टिन हाइलने मेक्सिकोत डबल बीच्या वेलावर तेच पाहिलं. म्हणजे वाड्यातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारली आणि भिंतीला कान लावून बसलेल्या शेजाऱ्याने ऐकली, असा मामला. शेजाऱ्याचा फायदा होतो, पण हाक त्याच्यासाठी नव्हती. आणि ऐकणारं झाडही लगेच सगळी शस्त्रं बाहेर काढत नाही, २००४ च्या मक्यावरच्या कामात दिसलं की ते नुसतं तयारीत राहतं आणि अळी खरोखर आली की मग जास्त जोरात प्रतिकार करतं. खर्च वाचतो.

आता तो जपानी व्हिडिओ बघा. मासात्सुगु टोयोटांच्या टीमने पेशीत कॅल्शियम वाढला (म्हणजे झाडाला काहीतरी जाणवलं) की चमकणारं अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या झाडाचं रोप वापरलं आणि त्यातून कळलं की हिरवळीच्या त्या कच्च्या वासातले दोन रेणू हे काम करतात आणि पहिली हालचाल पानावरच्या छिद्रांच्या कडेच्या पेशींत होते, म्हणजे वास पानाच्या आत शिरतो तो त्या छिद्रांतून. किंचाळणं वगैरे काही नाही.

यात पुण्याचाही धागा आहे, वासाचा नाही पण रायनच्या त्या प्रथिनांचा. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) घाटेअळी आणि प्रोटीनेज इन्हिबिटर यांवर बरीच वर्षं काम झालंय आणि १९९८ मध्ये तिथल्या गटाने दाखवलं की हरभरा स्वतःच्या बचावासाठी जे इन्हिबिटर बनवतो तेच घाटेअळीच्या पोटातले एन्झाइम फोडून निकामी करू शकतात. म्हणजे झाडाने वेळेवर सावध होऊन शस्त्र काढलं तरी अळीकडे त्याची तोड तयार. हरभरा करणाऱ्या शेतकऱ्याला तुमचं झाड स्वतःची काळजी घेतं असं सांगायला जाऊ नका, तो तुम्हाला घाटे फोडून आतली अळी दाखवेल.

शेतात वापर म्हणाल तर सगळ्यात मोठं उदाहरण केनियातलं, झेयाउर खान आणि जॉन पिकेट यांचं. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक आणि बांधाला हत्तीगवत, म्हणजे खोडकिडा आतून हाकलायचा आणि बाहेर ओढायचा. हा खोडकिडा आपल्या ज्वारीवरचाच, आशियातून तिकडे गेलेला. १९९७ च्या त्यांच्या पेपरमध्ये तर असं एक गवत होतं जे कीड नसतानाही 'मला कीड लागलीये' असा वास सोडत राहतं आणि मित्रकीटक गोळा करतं. मात्र डेस्मोडियम खरंच वासाने हाकलतं का यावर २०२४ च्या पेपरने शंका घेतलीये, त्यांच्या मते त्याच्या पानांवरची लव किडीला पकडते आणि मारते. पद्धत चालते, चालण्याचं कारण मात्र परत वादात. कामगंध सापळे लावून बसलेल्या आपल्या लोकांना लगेच विकत घेता येईल असं यातून फारसं बाहेर आलेलं नाही, आणि २०१८ ला अमेरिकन लष्करी अळी भारतात घुसली तेव्हाही हात गेला तो फवारणीच्या पंपाकडेच.

एक गोष्ट शहराजवळच्या शेतीसाठी महत्त्वाची वाटते. २०१० मध्ये फिनलंडच्या गटाने डबल बीवर दाखवलं की हवेत ८० पीपीबी (अब्ज भागांत ८० भाग) ओझोन असेल तर जो वास ७० सेंटीमीटरपर्यंत काम करायचा तो २० सेंटीमीटरवरच संपतो, ओझोन त्या रेणूंना वाटेतच मोडतो. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून ओझोन बनतो आणि पुण्याच्या हवेतला ओझोन पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' यंत्रणा २०१३ पासून मोजतेय. आकडे तयार आहेत, एखाद्या एमएस्सीच्या पोरीने हडपसर-मांजरीकडच्या एखाद्या भाजीच्या प्लॉटवर उन्हाळ्यातल्या दुपारी हेच मोजून बघायला हवं.