दात आणि चेहऱ्याच्या नसांचं सेंट्रल सेन्सिटायझेशन

दाताला किंवा चेहऱ्याला दुखापत नसताना, किंवा असलेली दुखापत कधीच भरून आलेली असतानाही तिथे कळा येत राहतात, साधं गार पाणी किंवा पंख्याचा वारा लागला तरी सणक जाते, आणि यामागे दात नसून मेंदूतल्या रसायनांनी चढवून ठेवलेली संवेदना असते, त्या अवस्थेला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. एक्सरे स्वच्छ आला की घरचे ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे, हे दुखणं शंभर टक्के खरं असतं.

चेहऱ्याची जवळपास सगळी संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते. तिच्या तीन शाखा: एक डोळा-कपाळाची, दुसरी गाल आणि वरच्या दातांची, तिसरी खालच्या जबड्याची. दुखण्याचे निरोप मेंदूच्या देठातल्या एका केंद्रात उतरतात, आणि ते केंद्र खाली मानेतल्या मज्जारज्जूला जाऊन मिळतं. तिथल्या एकाच पेशीवर दात, जबड्याचा स्नायू, गालाची कातडी, मेंदूचं आवरण असे बरेच धागे येऊन पडतात, म्हणून पेशंटला कधी कधी वरची दाढ दुखतेय की खालची हेच सांगता येत नाही, कान दुखतो म्हणून गेलेल्याची दाढ किडलेली निघते. त्यात दाताच्या आतल्या गराच्या नसांना नेमकी जागा सांगताच येत नाही. सूज मुळाच्या बाहेर पोचली आणि चावताना दुखायला लागलं की मगच ‘हाच दात’ असं बोट ठेवता येतं.

आता रसायनं. दुखरी नस त्या केंद्रात ग्लुटामेट सोडते, सोबत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी, ही सगळी दुखण्याचा निरोप पुढच्या पेशीला देणारी रसायनं (अर्धशिशीवरची नवी औषधं याच सीजीआरपीला अडवतात). पुढच्या पेशीवर एनएमडीए नावाचं एक दार असतं आणि एरवी त्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ठणका तासन् तास चालू राहिला की ते बूच निघतं, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आतून बदलते, मग जे निरोप आधी तिच्या खिजगणतीतही नव्हते त्यांनाही ती ओरडून उत्तर देते. साधा स्पर्शसुद्धा दुखायला लागतो तो इथे. आजूबाजूच्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशीही जाग्या होऊन यात तेल ओततात.

वेदनेवर संशोधन करणारे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. जखमेची जागा बधिर केली तरी वाढलेली संवेदना पूर्ववत झाली नाही, म्हणजे बदल मज्जारज्जूत झाला होता. त्याआधी दुखणं म्हणजे घंटेच्या दोरीसारखं, इकडे ओढलं की तिकडे वाजलं, अशीच समजूत बरीच पसरलेली होती.

वरून ब्रेक लावणारी यंत्रणाही आहे. मेंदूच्या देठातून सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांच्या वाटा खाली येतात आणि दुखण्याचे निरोप दाबतात. झोप नीट झाली नाही, सततची काळजी असली की हा ब्रेक सैल पडतो, आणि सेरोटोनिन तर कधी कधी उलट दुखणं वाढवतंसुद्धा. हा ब्रेक पुन्हा घट्ट व्हावा म्हणून अशा दुखण्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात, बरेचदा रात्री १० मिलीग्रॅमपासून सुरुवात करून. डिप्रेशनचं औषध कशाला दिलं म्हणून पेशंट दुखावतात, पण डोस डिप्रेशनसाठी देतात त्यापेक्षा खूप कमी असतो आणि काम या ब्रेकवरच असतं.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हा आजार वेगळा. त्यात बहुतेक वेळा रक्तवाहिनी नसेच्या मुळाशी दाबते, विजेसारखा झटका येतो, काही सेकंदांत जातो, आणि १९६० च्या दशकापासून त्यावर कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध वापरतात. सेन्सिटायझेशनचं दुखणं मात्र दिवसभर चिघळतं, जड वाटतं.

सगळ्यात वाईट होतं ते उपचारात. दुखतोय म्हणून रूट कॅनॉल, तरी दुखतोय म्हणून दात काढला, मग शेजारचा काढला, आणि प्रत्येक वेळी नसेला नवी जखम झाल्यामुळे दुखणं आणखी घट्ट बसतं. दात काढल्यावरही त्याच खड्ड्यात दुखत राहतं त्याला फॅन्टम टूथ पेन म्हणतात. दात काढायच्या आधी डॉक्टर त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन देऊन बघू शकतात: दात पूर्ण बधिर झाला तरी दुखणं तसंच राहिलं तर मूळ त्या दातात नसण्याची शक्यता मोठी असते.