पहिल्या मोसमाचा गुणतक्ता किती खरा?

8 ऑक्टोबर 2015 रोजी जर्मन फुटबॉल प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी लिव्हरपूलची सूत्रे हाती घेतली, तेव्हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दहावा होता आणि 8 सामन्यांत त्याचे 12 गुण झाले होते. मोसम संपला तेव्हा तो 60 गुणांसह आठवा होता. म्हणजे क्लॉप यांच्या 30 सामन्यांत 48 गुण, आणि सामन्यामागची सरासरी 1.5 वरून जेमतेम 1.6. एवढ्यावरून त्यांची प्रगती ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

फुटबॉलमध्ये गोल मोजकेच होतात, त्यामुळे खांबाला लागून परतलेला एखादा चेंडूही निकाल फिरवतो. संघाची ताकद तसूभरही न बदलता 30 सामन्यांत नुसत्या योगायोगाने सहासात गुण इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक असते, आणि 0.1 ची वाढ म्हणजे तर केवळ 3 गुण. शिवाय मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला जातो तो बहुधा संघाचा सर्वांत वाईट काळ चालू असताना. ताप चढलेला असताना घेतलेल्या औषधाला आपोआप उतरलेल्या तापाचेही श्रेय मिळते, तसेच इथे होते. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी डच लीगमधील असे बदल तपासले, तेव्हा तशाच घसरणीनंतरही प्रशिक्षक न बदललेले संघ जवळपास तितकेच सावरलेले आढळले.

मग पाहायचे काय? गोलांपेक्षा गोलसाठी मारलेले फटके कितीतरी अधिक असतात, म्हणून संघाची खरी चाल त्यांत लवकर दिसते. फटका कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला, यावरून पूर्वीच्या हजारो फटक्यांच्या आधारे तो गोल होण्याची शक्यता काढतात. या शक्यतांची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित गोल’. या हिशेबात एक पेनल्टी साधारण पाऊण गोलाची असते.

20 सप्टेंबर 2014 रोजी क्लॉप यांचा तेव्हाचा संघ डॉर्टमुंड जर्मन लीगमध्ये माइन्झ इथे 0-2 असा हरला. त्यात त्यांची एक पेनल्टी गोलरक्षकाने अडवली आणि एक गोल त्यांच्याच बचावपटूकडून स्वतःच्या जाळ्यात झाला. गुणतक्त्यात याची नोंद शून्य, पण फटक्यांच्या हिशेबात तो पाऊण गोल शिल्लक राहतो. त्या मोसमात डॉर्टमुंड सातवा आला. मात्र लिव्हरपूलचे तेव्हाचे संशोधनप्रमुख इयन ग्रॅहम, जे मुळात भौतिकशास्त्राचे पीएचडी, यांच्या आकडेमोडीत तो जर्मनीतला दुसऱ्या क्रमांकाचा संघ ठरत होता.

प्रशिक्षकाची शिकवण त्याहूनही आधी दिसते ती चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना. आपण अडवायला जाईपर्यंत समोरच्यांना सरासरी किती पास देता येतात, हे मोजता येते, आणि तो आकडा नशिबावर फारसा अवलंबून नसतो. 17 ऑक्टोबर 2015 रोजी टॉटनहॅमविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात क्लॉप यांना 0-0 अशा बरोबरीचा एकच गुण मिळाला. पण प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठीची धावपळ तेव्हाच दिसली: त्या दिवशी त्यांचे खेळाडू मिळून सुमारे 116 किलोमीटर धावले होते.