पायांतून रेशीम काढणारा प्राणी

हरिपूरच्या हळदीच्या पेवात ज्याने एकदा वाकून पाहिलंय, त्याला हा प्राणी चटकन समजेल. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती इतकी घट्ट, की अरुंद तोंडाचं आणि मोठ्या पोटाचं पेव खणलं तरी भिंत उभी राहते. समुद्रकाठच्या पातळ चिखलात तसं बीळ केलं, तर भरतीच्या एका फेऱ्यात बुजून जाईल. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक प्राणी, अँफिपॉड, बीळ करून राहतो, आणि भिंत लिंपायचं साहित्य तो स्वतःच्या पायांतून काढतो.

त्याच्या एका नातलगाशी आमची ओळख झाली ती सांगलीतच. रत्नागिरीच्या सहलीहून परतताना विद्यार्थ्यांनी सरगॅसम शेवाळाचा झुबका समुद्राच्याच पाण्यात, बरणीत घालून आणला होता. एका बेचक्यात गाळाची काडी चिकटलेली दिसली. भिंगाखाली धरली तर ती नळी निघाली. शेवाळाचे तुकडे, वाळूचे कण, गाळ, सगळं एकमेकांत गुंतवून केलेली. थोड्या वेळाने नळीच्या तोंडाशी शृंगिका आल्या, चाचपडल्या. सुईचं टोक हलकेच लावलं तसा प्राणी आत सटकला आणि लगेच दुसऱ्या तोंडातून डोकावला.

एका मुलीने विचारलं, "सर, हा धागा तोंडातून काढतो का?" तिच्या घरी तुतीची बाग आहे, चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या जाळीवर, चढलेली अळी तोंडातून रेशीम कशी सोडते हे तिने लहानपणापासून पाहिलंय. प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर मात्र पायांत आहे.

हे प्राणी अँफिपॉड गणातले. कोळंबी-खेकड्यांचे दूरचे नातलग, पण पाठीवर ढालीसारखं कवच नाही, डोळे देठावर नाहीत, आणि अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1816 साली गणाला हे नाव दिलं. नावाचा अर्थ दोन्हीकडचे पाय: छातीवरच्या सात जोड्यांपैकी पुढच्या चार एका दिशेला वळलेल्या, मागच्या तीन उलट दिशेला. पहिल्या दोन जोड्यांना पकडीसारखी टोकं असतात. पोटाखाली पोहण्याच्या पायांच्या तीन जोड्या. नळीत बसल्या बसल्या हेच पाय हलवून तो ताजं पाणी आत ओढतो. त्या पाण्याबरोबर प्राणवायूही येतो आणि अन्नाचे कणही. शेपटीकडे आणखी तीन आखूड जोड्या. अँपिथोई कुलात त्यातल्या शेवटच्या जोडीला आकड्यासारखे काटे असतात.

आता तिसरी आणि चौथी जोडी पाहा. नळी बांधणाऱ्या जातींत या पायांचा वरचा भाग फुगीर असतो, कारण आत ग्रंथी भरलेल्या असतात. तिथला स्राव पायातल्या वाहिनीतून खाली उतरतो आणि नखीच्या टोकाजवळच्या बारीक छिद्रातून धागा होऊन बाहेर पडतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी क्रॅसिकोरोफियम बोनेली या जातीत हे बारकाईने तपासलं. त्यांना दिसलं की जहाजांच्या तळाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी प्राण्याच्या सिमेंटशी या स्रावाचं साम्य आहे, पण तो कातला जातो कोळ्याच्या रेशमासारखा. खाऱ्या पाण्यात, ओल्यातच चिकटणारा धागा! मला स्वतःला या प्राण्यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं.

वर्गीकरणात मात्र बराच घोळ झाला. चिखलात इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ करणारा कोरोफियम व्होल्युटेटर 1766 साली पॅलास यांनी ओनिस्कस वंशात घातला होता, म्हणजे दगडाखाली सापडणाऱ्या, जमिनीवरच्या किड्यांच्या सोबत. 1806 साली लात्रेय यांनी कोरोफियम हा वेगळा वंश केला. पुढे त्यात इतक्या जाती जमल्या, की 1997 साली त्याचे अनेक वंश पाडावे लागले. 2013 साली लॉरी आणि मायर्स यांनी एक मोठा उपगण नव्याने मांडला, तो शेपटीकडच्या पहिल्या दोन जोड्यांच्या टोकाला असलेल्या दणकट काट्यांवरून. कोरोफियमची मंडळी त्या उपगणात गेली. अँपेलिस्का हाही पायांतून रेशीम काढून नळीत राहतो, पण तो त्यात बसला नाही. म्हणून नुसती नळी पाहून नातं जुळवायला गेलं तर फसगत होते. बेरिंग समुद्राच्या तळाशी या अँपेलिस्कांच्या नळ्यांचे गालिचे पसरलेले असतात आणि करडे देवमासे तळाचा गाळ ओढून घेऊन त्यातून त्यांना गाळून खातात.

कोरोफियमच्याच गोतावळ्यात सांगाडा-कोळंबी नावाचे काडीसारखे अँफिपॉड आणि देवमाशांच्या अंगावर राहणाऱ्या तथाकथित उवा येतात, हे 2003 साली मांडलं गेलं. त्यांचं पोट जवळजवळ नाहीसं झालंय. आणि बहुतेकांना तिसरी-चौथी जोडी उरलेलीच नाही. त्या जागी फक्त कल्ले आहेत. ज्या पायांनी नातलग घर बांधतात, नेमके तेच पाय यांनी गमावले. वर्गात फळ्यावर दोन्ही आकृत्या शेजारी काढल्या की हे सांगावंच लागत नाही.

आपल्याकडेही या प्राण्यांचा अभ्यास जुना आहे. जी. एम. जाइल्स यांनी 1885 साली बंगालच्या उपसागरातल्या एका नळीवासी जातीचं वर्णन केलं आणि तिला कॅलामिकोला, म्हणजे बोरूत राहणारी, असं नाव दिलं.

बरणीतल्या प्राण्याला आम्ही दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत घेतलं. ती मादी होती. पायांच्या मुळाशी असलेल्या पातळ पट्ट्या एकमेकींवर येऊन छातीखाली शिशुधानी झालेली, आणि आत अंडी. अळीची अवस्था यांना नसते. पिल्लू त्या पिशवीतून बाहेर येतं तेच आईच्या रूपाचं. भिंग जरा जवळ नेलं, तर प्रत्येक अंड्यात डोळ्याचा एक तांबूस ठिपका दिसत होता.